चार दिवसांची वीज

वाचकहो, घरातील वीज गेली म्हणजे आपण सर्वांत आधी काय करतो? मेणबत्ती शोधीत नाही, काडेपेटीही शोधीत नाही. खिडकीशी जाऊन शेजाऱ्यांकडे वीज आहे की नाही ते पाहतो. तिकडेही अंधार दिसला की मनाला एक विलक्षण समाधान वाटते. संकट सर्वांवर आले आहे, तेव्हा कोणीतरी तक्रार केलीच असेल, आपण एकट्याने चिंता वाहण्याचे कारण नाही, असा तो हिशेब असतो. मीही आयुष्याची बरीच वर्षे याच हिशेबावर काढली. 3 जून 2020 रोजी तो हिशेब चुकला. तो कसा चुकला आणि पुढे नवा हिशेब कसा मांडला, हे आपणांस सांगावे म्हणून हा लेख लिहीत आहे.

घरात जनित्र बाळगण्याविषयी माझे मत पूर्वी फारसे अनुकूल नव्हते. जनित्र म्हणजे लग्नाच्या मंडपामागे धडधडणारे, धूर ओकणारे एक यंत्र. ज्याच्याजवळ पैसा अधिक आणि शेजाऱ्यांची पर्वा कमी त्याने ते घरी आणावे, अशी माझी समजूत होती. भाषांतराच्या टेबलावर बसून मी ‘जनित्र’ हा शब्द हजार वेळा लिहिला असेल. पण बाजारात जाऊन तो उच्चारण्याची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. तेथे ‘जनरेटर’ म्हटल्यावाचून दुकानदारास काही उमगत नाही, हेही मला पुढेच कळले.

त्या वर्षी मार्च महिन्यात शिमग्यासाठी म्हणून मी दिल्लीहून श्रीवर्धन तालुक्यातील आमच्या गावी गेलो आणि टाळेबंदी लागल्याने तेथेच राहिलो. घरी आई आणि तात्या. तात्यांना फुप्फुसांचा जुना विकार होता. डॉक्टरांच्या सल्ल्याने त्यांना अहोरात्र प्राणवायू द्यावा लागे, मिनिटाला दोन लिटर. त्यासाठी एक यंत्र घरी आणलेले होते. हे यंत्र खोलीतील हवा ओढून घेते, तिच्यातील नायट्रोजन वेगळा काढते आणि उरलेला प्राणवायू नळीवाटे रुग्णाच्या नाकाशी पोहोचविते. त्याची संथ घरघर आमच्या घरात इतकी मुरली होती की, भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक जशी ऐकू येत नाही तशी तीही आम्हांस ऐकू येत नसे. ऐकू आली ती थांबली तेव्हा.

‘निसर्ग’ चक्रीवादळ येणार याची सूचना आम्हांस दोन दिवस आधी मिळाली होती. आम्ही कौले नीट केली, विहिरीवर फळी टाकली, आईने पिठाचे डबे भरून ठेवले. विजेचे काय, याचा विचार मनात आला नाही असे नाही. पण घरात इन्व्हर्टर होता, त्याची बॅटरी भरलेली होती आणि पलंगाखाली प्राणवायूचा एक लहान सिलिंडर होता. एवढी तयारी पुरेशी आहे, असे वाटले. 3 जूनला सकाळी दहाच्या सुमारास वीज गेली. दुपारी वादळ किनाऱ्यावर आले तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी 100 ते 110 किलोमीटर होता. नारळी-पोफळीची झाडे एकामागून एक आडवी होत होती आणि प्रत्येक झाडागणिक घर हादरत होते. दीडच्या सुमारास इन्व्हर्टरने शिटी वाजविण्यास सुरुवात केली आणि थोड्याच वेळात यंत्राची घरघर थांबली.

बॅटरी इतक्या लवकर का संपली, याचे आम्हांस त्या वेळी मोठे आश्चर्य वाटले. पण त्यात आश्चर्य करण्यासारखे काही नव्हते. आमची बॅटरी 150 अँपिअर-तासांची, 12 व्होल्टची. या दोन आकड्यांचा गुणाकार 1800 वॅट-तास होतो. इन्व्हर्टरमध्ये काही शक्ती वाया जाते, बॅटरी जुनी असते आणि ती तळापर्यंत रिकामी करताही येत नाही. म्हणून हाती सुमारे 1200 वॅट-तास लागतात असे धरावे. तात्यांच्या यंत्रास 350 वॅट लागत. म्हणजे साडेतीन तासही नाहीत! तिसरी-चौथीतल्या मुलाला सुटेल असे हे गणित. पण दोन वर्षे बॅटरी घरात असून आम्ही ते एकदाही मांडले नव्हते. ‘इन्व्हर्टर आहे’ या दोन शब्दांतच आमची सारी निश्चिंती सामावलेली होती.

मग सिलिंडर जोडला. त्यात 1500 लिटर प्राणवायू होता. मिनिटाला दोन लिटर म्हणजे साडेबारा तास. रात्री दोनच्या सुमारास तो संपणार होता. सायंकाळी वारा पडला तेव्हा बाहेर जाऊन पाहिले. विजेचे खांब काडीसारखे मोडलेले, रस्त्यावर झाडांचा खच, मोबाइल फोन मुके झालेले. तालुक्याच्या गावी रुग्णालय होते, पण तेथवर वाहन जाण्याजोगी वाट राहिली नव्हती. शेजाऱ्यांकडे पाहिले तर सगळीकडे अंधार होता, आणि त्या दिवशी त्या अंधाराने मला तिळमात्र समाधान दिले नाही.

अशा वेळी आठवण झाली ती पलीकडच्या वाडीतील मंडपवाल्यांची. त्यांना सगळे ‘भाऊ’ म्हणतात. टाळेबंदीमुळे त्यांचा हंगाम बुडालेला होता आणि पेट्रोलवर चालणारे एक लहान जनरेटर त्यांच्या पडवीत झाकून ठेवलेले होते. मी चिखल तुडवीत गेलो आणि अडचण सांगितली. भाऊंनी एक शब्दही न बोलता चप्पल पायात घातली. त्यांच्या दोन मुलांनी आणि मी मिळून ते यंत्र बांबूला बांधले, पडलेल्या झाडांवरून चढत-उतरत आणले आणि रात्री अकराच्या आधी तात्यांच्या यंत्राची घरघर पुन्हा सुरू झाली. आईने देवापुढे दिवा लावला. सिलिंडर बंद करून तो पुढच्या अडचणीसाठी राखून ठेवला.

वाचकहो, ही गोष्ट येथेच संपली असती तर तिच्यातून जनित्राचे माहात्म्य तेवढे सिद्ध झाले असते. परंतु पुढचा भागच अधिक महत्त्वाचा आहे.

पावसाची झड चालूच होती. यंत्र भिजू नये म्हणून मी ते घराला लागून असलेल्या पडवीत ठेवले. पाऊस आत येऊ नये म्हणून खिडक्या लावून घेतल्या. पडवी एका बाजूने उघडी आहे, धूर बाहेर जाईल, अशी मी माझी समजूत घातली. पहाटे आई उठली ती डोके धरूनच; तिला ओकारी झाली. दिवसभराच्या दगदगीने पित्त झाले असेल असे ती म्हणाली. माझेही डोके जड झाले होते, पाय लटपटत होते. मला वाटले, जागरण झाले आहे. तात्या विशेष गुंगीत दिसले, तेव्हा त्यांच्या बोटाला प्राणवायूचे प्रमाण मोजणारी लहान डबी लावून पाहिली. तिने आकडा चांगला दाखविला. आम्ही निर्धास्त झालो.

तेवढ्यात भाऊ पेट्रोलचा डबा घेऊन आले. त्यांनी अंगणातूनच यंत्र कोठे आहे ते पाहिले आणि ओरडले, “अरे, हे काय करून ठेवलेस? आधी ते बंद कर आणि दारे-खिडक्या उघड! तात्यांना बाहेर घे!” आम्ही तिघेही ओटीवर येऊन बसलो, तात्यांना राखून ठेवलेल्या सिलिंडरचा प्राणवायू दिला. तासा-दीड तासाने डोकी उतरली. एका लग्नघरी असेच जनरेटर खोलीच्या दाराशी ठेवले होते आणि आत निजलेली दोन माणसे उठवून उठत नव्हती, ही हकीकत भाऊंनी तेव्हा सांगितली.

इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो आणि प्राणवायूला जागाच ठेवीत नाही. बोटाला लावायची साधी डबी या दोन वायूंतील भेद ओळखू शकत नाही. म्हणून रक्तात विष भिनत असतानाही तिचा आकडा उत्तम दिसतो. डोकेदुखी, मळमळ, गुंगी ही त्याची लक्षणे, आणि ती आपण पित्तावर किंवा जागरणावर ढकलतो. एका माणसाला श्वास मिळावा म्हणून आणलेले यंत्र त्या रात्री घरातील तिघांचा श्वास घेऊन गेले असते, आणि चूक यंत्राची नसून माझी होती.

त्यानंतर ते यंत्र अंगणापलीकडील रिकाम्या गोठ्यात नेले. गोठा तिन्ही बाजूंनी उघडा आणि घरापासून चाळीस फूट दूर होता. तेथून जाड वायर ओढून घेतली. एका उत्साही नातलगाने दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून ती घरातील प्लगमध्येच खोचावी, म्हणजे सगळे दिवे लागतील, अशी युक्ती सुचविली. भाऊंनी त्यांस हात जोडले. जनित्राची वीज अशी घराच्या तारांत सोडली आणि मुख्य स्विच चालू राहिला, तर ती उलट वाहत रस्त्यावरील रोहित्रापर्यंत जाते. रोहित्र तिचा दाब वाढवून 11,000 व्होल्ट करू शकते. ज्या तारेत वीज नाही अशा समजुतीने एखादा लाइनमन खांबावर चढलेला असेल तर त्याचा तत्काळ मृत्यू ओढवेल. वादळानंतर जी माणसे भर पावसात आपलीच वीज जोडून देत असतात, त्यांचा जीव आपल्या सोयीसाठी धोक्यात घालणे हे पातक होय. म्हणून एक तर आवश्यक तेवढे यंत्र सरळ जनित्राला जोडावे, नाही तर परवानाधारक वायरमनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्यावा. त्या स्विचमुळे घराचा संबंध एका वेळी एकाशीच राहतो, बाहेरच्या विजेशी किंवा जनित्राशी.

पेट्रोलचीही अडचण पडली. यंत्र तासाला सुमारे एक लिटर पीत होते. पेट्रोल पंपाला पेट्रोल उपसण्यासाठी वीजच लागते, ही गोष्ट तोवर माझ्या ध्यानी आली नव्हती. वाडीतील मोटारसायकलींच्या टाक्या रिकाम्या करून लोकांनी आम्हांस पेट्रोल दिले. कोणी अर्धा लिटर, कोणी एक. चौथ्या दिवशी रस्ता मोकळा झाला आणि राखलेला सिलिंडर बरोबर घेऊन तात्यांना पुण्यास बहिणीकडे हलविले. आमच्या वाडीत वीज आली ती एकविसाव्या दिवशी. तोवर जनित्रावर निभावले असते काय? मुळीच नाही. त्याने आम्हांस फक्त चार दिवस दिले. पण ते चार दिवसच हवे होते.

घरच्या जनित्राविषयी मला जे सांगावयाचे आहे ते एवढेच. ते विजेच्या जागी बसविण्यासाठी नसते. पुढची मदत येईतो अडणारी वेळ निभावून नेण्यासाठी असते. म्हणून ते घ्यावे की नाही, हा प्रश्न श्रीमंतीचाही नाही आणि हौसेचाही नाही. आपल्या घरात काय थांबता कामा नये, किती तास थांबता कामा नये आणि तेवढ्या वेळात मदत कोठून येईल, या तीन प्रश्नांची उत्तरे म्हणजेच त्या प्रश्नाचे उत्तर.

बहुसंख्य घरांत ते उत्तर ‘जनित्र नको’ असेच येईल, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. चार दिवे आणि दोन पंखे मिळून 200 वॅटही होत नाहीत. आमच्यासारख्याच बॅटरीवर ते सहा तास चालतात. परंतु ज्या घरी यंत्रावर जगणारे माणूस आहे, ज्या घरी पिण्याचे पाणी केवळ पंपानेच वर येते, जे घर समुद्रकाठी किंवा डोंगरात असून तेथे तुटलेली तार जोडण्यास आठवडे लागतात, त्या घराने आपला हिशेब वेगळा मांडावा. मांडताना एक ध्यानात ठेवावे की, पंप आणि शीतकपाट यांची मोटार सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट वीज ओढते. यंत्र त्या मानाने घ्यावे.

शहरात राहणाऱ्यांना हे सारे कोकणातील वादळापुरते आहे असे वाटेल. त्यांना दोन दिवसांची आठवण करून देतो. 30 जुलै 2012 रोजी पहाटे अडीचच्या सुमारास उत्तर भारताचे वीजजाळे कोसळले. बीना ते ग्वाल्हेर या 400 किलोव्होल्टच्या वाहिनीवर भार अति झाला, ती सुटली. तिचा भार इतरांवर पडला आणि त्याही सुटत गेल्या. दुसऱ्याच दिवशी दुपारी एकच्या सुमारास उत्तर, पूर्व आणि ईशान्य ही तिन्ही जाळी कोसळली. सुमारे 60 कोटी लोकांच्या प्रदेशात वीज नव्हती. आगगाड्या मध्येच उभ्या राहिल्या, दिल्लीची मेट्रो थांबली, बंगाल आणि झारखंडमधील खाणकामगार जमिनीखाली अडकून पडले. सुदैवाने त्यांची सुटका झाली. आणि 12 ऑक्टोबर 2020 रोजी सकाळी दहाच्या सुमारास, जेथे वीज जात नाही असा लौकिक आहे त्या मुंबईची वीज गेली, लोकलगाड्या ठप्प झाल्या आणि साथीच्या त्या दिवसांत रुग्णालयांना जनित्रांचा आधार घ्यावा लागला.

यात कोणास नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. मणिपूरमधील लैसांग या गावी 28 एप्रिल 2018 रोजी वीज पोहोचली, तेव्हा देशातील प्रत्येक गावात वीज गेल्याची घोषणा झाली. पण वीज पोहोचणे आणि ती क्षणभरही न थांबणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. जेवढे अधिक आपण विजेवर विसंबतो, तेवढा तिचा एक तासाचा खंडही महाग पडतो. आमच्या आजोबांच्या काळी वीज गेली तर कंदील लागे; आज वीज गेली तर एखाद्या घरी श्वास अडतो.

कोणी म्हणेल, आता छतावर सौरपट्टिका बसविता येतात, मग जनित्र कशाला? 2024 साली सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेमुळे पुष्कळ घरांवर त्या आल्या आहेत आणि ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र त्या केवळ बाहेरच्या वीजजाळ्याला जोडलेल्या असतील आणि सोबत बॅटरी नसेल, तर बाहेरची वीज गेली की भर उन्हातही त्या बंद पडतात. हा दोष नव्हे. लाइनमनच्या जीवासाठी केलेली योजना आहे. बॅटरीची जोड असेल तरच त्या अडचणीच्या वेळी कामास येतात. तशी जोड परवडत असेल तर तीच अधिक चांगली. तिला धूरही नाही आणि आवाजही नाही.

आवाज आणि धूर यांचा विचार शेजारधर्म म्हणूनही केला पाहिजे. आपल्याकडील नियमाप्रमाणे घरगुती वापराच्या डिझेल जनित्राचा आवाज त्याच्या पेटीपासून एक मीटरवर 75 डेसिबलपेक्षा अधिक असता कामा नये. दिल्लीत आणि भोवतालच्या प्रदेशात हवा बिघडली की डिझेल जनित्रांवर निर्बंध येतात. वीजग्राहकांच्या हक्कांसंबंधीच्या नियमांत 2022 साली जी सुधारणा झाली तीत, डिझेल जनित्र वापरणाऱ्यांनी पाच वर्षांत स्वच्छ साधनांकडे वळण्याचा प्रयत्न करावा, असे म्हटले आहे. तेव्हा प्रत्येक घरी एक जनित्र ही कल्पना मला मुळीच रुचत नाही. वाडीत किंवा इमारतीत मिळून एक असावे, ते कोणासाठी आधी चालेल हे ठरलेले असावे, हे अधिक शहाणपणाचे. ते घरापासून निदान वीस फूट दूर, खिडक्या-दारांपासून लांब, उघड्या हवेत पण पावसापासून जपून ठेवावे. तापलेल्या इंजिनात पेट्रोल कधी ओतू नये. आणि महिन्यातून एकदा ते सुरू करून पाहावे. कारण वर्षभर झाकून ठेवलेले यंत्र नेमके गरजेच्या रात्री दोरी ओढून ओढून हात दुखले तरी बोलत नाही.

आम्ही काय केले ते सांगून पुरे करतो. पावसाळा संपल्यावर बॅटरी दुप्पट केली, सिलिंडर एकाऐवजी दोन ठेवले आणि भाऊंचे ते जनरेटर वाडीने मिळून विकत घेतले. त्यासाठी गोठ्याच्या जागी चार खांबांचे एक छप्पर उभारले. भाऊंनी पैसे घेताना बरीच खळखळ केली; पण पुढे नवे यंत्र घेण्यास ते पैसे त्यांच्या उपयोगी पडले. तात्या घरी परतले आणि आणखी दोन वर्षे आमच्यात होते. ते गेले तो दिवस वाऱ्या-वादळाचा नव्हता. वीज होती, यंत्र चालू होते, आई उशाशी होती. त्यांची वेळ भरली म्हणून ते गेले. आमचा हिशेब चुकला म्हणून नव्हे. पोरक्या मनाला हा आधार लहान वाटत नाही.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आईच्या देखरेखीखाली कोणीतरी ते यंत्र दहा मिनिटे चालवून पाहतो. आता आमच्या घरी त्याची गरज नाही; पण वाडीत अलीकडे आणखी दोन घरी प्राणवायूची यंत्रे आली आहेत.

वाचकहो, आज रात्री जेवणे झाल्यावर सर्वांनी मिळून एक वही घ्या. आपल्या घरात कोणती गोष्ट थांबता कामा नये ते लिहा, तिला किती वॅट लागतात ते तिच्या पाठीवरील पट्टीवर पाहा आणि बॅटरीच्या आकड्यांशी ताडून पाहा. कदाचित जे आहे तेच पुरेसे ठरेल आणि आपण स्वस्थ झोपाल. नाही ठरले, तर निदान ते वीज असतानाच कळेल.